चौथीच्या खोलीचा वाटा

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी झालो तो माझ्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. निवडीच्या दिवशी माझी रात्रपाळी नुकतीच सुटली होती. घरी जाता जाता शाळेच्या पायरीवर टेकलो आणि माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. झोपलेला माणूस नाही म्हणत नाही, एवढी अक्कल आमच्या गावाला आहे. पुढे वर्षभरात सगळ्या शाळांना कुलूप लागलं आणि बंद शाळेचा अध्यक्ष म्हणून मी निवांत झालो. शाळा उघडायची म्हटल्यावर मात्र सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

आमचं गाव कुंभवलीच्या पुढे, कारखान्यांच्या कुंपणाला टेकलेलं. एका अंगाला चाळी. त्यांत उत्तरेकडून आलेले कामगार बायकापोरं घेऊन राहतात. दुसऱ्या अंगाला टेकडीच्या पायथ्याचे पाडे. तिथली माणसं पावसावर भात आणि नागली काढतात आणि उरलेले महिने मिळेल त्या कामाला जातात. मधे आम्ही गावठाणातले. तिन्हीकडची पोरं एकाच जिल्हा परिषद शाळेत येतात. पहिली ते चौथी, चार खोल्या, पुढे पडवी, मागे खिचडी शिजवायची शेड. एवढीच शाळा.

साथीच्या दिवसांत या शाळेत गाद्या पडल्या. ज्याला लागण झाली त्याला तिथे नेऊन ठेवायचे. 'विलगीकरण' हा शब्द गावात कुणाला धड म्हणता येत नव्हता, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. मीही त्यात सापडलो. मला चौथीच्या खोलीत गादी मिळाली. फळ्यावर शेवटच्या दिवशीचा भागाकार तसाच होता. पडल्या पडल्या मी तो रोज सोडवायचो आणि रोज चुकायचो.

माझ्या शेजारच्या गादीवर पाड्यावरचा एक जण होता. आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी ऑपरेटर, तो ठेकेदाराकडे, पिंप उचलणाऱ्या टोळीत. पाळी एक असली की आम्ही बरोबर चालत घरी यायचो. त्याची बायको शाळेत खिचडी शिजवायची, आणि शाळेत आजारी माणसं आली तेव्हा त्यांचा स्वयंपाकही तिच्याकडेच आला. उजाडायच्या सुमारास ती मागच्या शेडमध्ये चूल पेटवायची. धूर आमच्या खिडकीतून आत यायचा. धूर आला की तो कूस वळवून खिडकीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, "आली." बस. दिवसभर मग ती डबे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लांब सरकायची आणि तो तिला आणखी लांब जायला सांगायचा. नवराबायकोचं एवढंच बोलणं व्हायचं.

एका पहाटे त्याला दम लागला. फोन गेले, गाडी निघाली होती. गाडी यायच्या आत तो गेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो. त्या आधी जरा वेळ धूर आत आला होता आणि तो नेहमीचा एक शब्द बोलला होता. मग ती सगळी धावपळ झाली. अंगभर झगे घातलेली माणसं आली, त्याला गुंडाळलं आणि घेऊन गेली. ती शेडच्या खांबाला धरून उभी होती. कुणी तिला जवळ येऊ दिलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं, कुणाचंच काही चुकलं नाही. राग धरायचा तर कुणाचा, हे मला अजून उमगलेलं नाही. पण राग आहे, तो गेलेला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याचा जीव गेला त्या जागेवर तांदळाचं पीठ पसरतात, बाजूला दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघतात. पिठात काही ना काही उमटलेलं असतं. पाखराचा पाय, मुंगीची रेघ, गुराचा खूर. गेलेला माणूस कुठल्या वाटेने गेला ते त्यावरून सांगतात. मी असल्या गोष्टी मानणारा नाही. पण माझ्या वडिलांच्या वेळी सगळ्यांत आधी टोपलीत मीच डोकावलो होतो, हेही खरं. त्याच्या बायकोने घरी दिवा लावला. सकाळी पीठ जसंच्या तसं. पाड्यावरची सुईण ही गावाची जाणती बाई, जन्माचं आणि मरणाचं दोन्ही बघते. ती म्हणाली, "माणूस घरातून गेलाच नाय, तर घरात काय उटंल? दिवा चुकीच्या जागी लावलास, बाय." बरोबर जागा शाळेत होती आणि शाळेला कुलूप होतं. तेव्हापासून ती तशीच होती. नवरा गेला, पण त्याला वाटेला लावणं तिच्या हातून झालं नव्हतं.

मग शाळा उघडायचं ठरलं. बंद खोल्यांत उंदरांनी संसार मांडले होते, टाकीत शेवाळ होतं, पडवीत गवत वाढलं होतं. मुख्याध्यापक हे घाटावरचे, सरळ गृहस्थ. त्यांनी सभा बोलावली. आमच्याकडे विहीर उपसायची असो की गावदेवीची जागा साफ करायची असो, काम वाट्याने होतं. प्रत्येक घराला, प्रत्येक पाड्याला वाटा लावून देतात. एकाच्या वाट्यात दुसरा हात घालत नाही, तो अपमान समजतात. आणि घरात सुतक असो, आजार असो, वाटा सगळ्यांना मिळतो. निदान एका माणसाने येऊन एक पाटी माती उचलायची. ज्याला वाटा नाही ते घर गावात धरलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

वाटे भराभर लागले. पहिली, दुसरी, तिसरीच्या खोल्या एकेका पाड्याने घेतल्या. कंपनीतल्या पोरांनी पाठीवरचे पंप आणि फवारणीचं औषध आणायचं कबूल केलं. माझ्या बायकोचं माहेर किनाऱ्याकडे, दातिवऱ्याच्या बाजूला. तिच्या भावाने माडाच्या हिरांचे खराटे टेंपोत घालून पाठवतो म्हणून सांगितलं. चाळीतला एक सुतार उभा राहिला आणि म्हणाला, "बेंच-वेंच हम देख लेंगे, आप लोग फिकर मत करो." संडासांचं नाव निघालं तेव्हा सभेला एकदम खोकला आला. शेवटी अध्यक्ष या नात्याने तो मान मी घेतला.

चौथीच्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं. लोक पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. चाळीतली एक बाई मागून म्हणाली, "उस कमरे में हमारा बच्चा नहीं बैठेगा." पाड्यावरच्यांनी माना डोलावल्या. एरवी ही दोन टोकं पाण्याच्या नळावरसुद्धा एकमेकांशी धड बोलत नाहीत, पण भीतीच्या बाबतीत त्यांचं चटकन जमलं. त्या खोलीत जायची माझीही छाती होत नव्हती. चौथीची पोरं पडवीत बसवू, असं गुळमुळीत ठरलं.

आणि आणखी एक ठरलं. खिचडीवाल्या बाईला कुठलाच वाटा द्यायचा नाही. बिचारीला त्या जागेत राबवायचं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ. शाळा सुरू झाली की तिचं काम आहेच, साफसफाईच्या दिवशी तिने घरी बसावं. सगळ्यांना हे एकदम पटलं. चांगुलपणाने आम्हाला इतकं भरून आलं की पुढचा विचार कुणी केलाच नाही.

ती त्याच संध्याकाळी आमच्या ओट्याशी आली. बरोबर तिची मुलगी होती, यंदा चौथीला गेलेली. मी पाणी विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली.

"दादा, एक सांगा. आमचं घर गावात हाय का नाय?"

"असं काय बोलता, वहिनी?"

"मंग माजा वाटा कुटं हाय? सगळ्यांना लावलात. त्या चाळीतल्या कालच्या माणसांना लावलात. माजंच घर तुमाला दिसलं नाय?"

मी समजावायला लागलो. तुम्हाला त्रास नको, तुम्ही आधीच एवढं सोसलंय, वगैरे. मी बोलत होतो आणि तिचा चेहरा जास्तच घट्ट होत होता.

"नवरा मेला म्हणून वाळीत टाकता का बायकोला?" ती म्हणाली. "मला ती खोली द्या. चवथीची. दुसऱ्या कोनाला नको हाय ना? मला पायजे. मी झाडीन, मी पुशीन. पन त्याच्या आदी मला तितं दिवा लावायचा हाय."

मुलगी लगेच आईच्या पदराआड गेली. "मी नाय बसायची त्या वर्गात," ती पुटपुटली. "समदी सांगतात, तितं बाबा फिरतात."

आईने पदर तसाच राहू दिला. माझ्याकडे बघत म्हणाली, "जागा तुमालाच ठावी हाय, दादा. तुमीच होते तितं. तुमीच दाखवा."

त्या क्षणी मला माझा वाटा कळला. संडास घासणं त्यापुढे काहीच नव्हतं.

मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो अध्यक्ष, शाळा आहे ही! इथे आपण मुलांना विज्ञान शिकवतो. उद्या कुणी फोटो काढून पाठवला तर कोळगावला जिल्हा परिषदेत जाऊन उत्तर मला द्यावं लागेल." माणूस बरोबर बोलत होता. मी म्हटलं, सर, बाई तुमच्याकडे विज्ञान मागत नाहीये, कोपरा मागतेय. ते पेनाची उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "मी हो म्हणणार नाही. आणि नाही म्हणणंही मला जमणार नाही." सरकारी माणसाकडून याहून जास्त काय मिळणार! पण संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा ते स्वतः कुलूप काढून उभे होते. लाकडी कपाटाला दिव्याची धग लागेल म्हणून त्यांनी ते एकट्याने ओढून लांब केलं होतं आणि शर्ट धुळीने माखला होता.

खोलीत कोंदट वास होता. गाद्या केव्हाच जाळून टाकलेल्या. नुसती फरशी, आणि खिडकीतून पडलेला उजेड. ती दाराशी थांबली, तिच्यामागे सुईण आणि पाड्यावरच्या चार बायका. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खिडकीपाशी गेलो. मी खाली बसलो आणि फरशीवर हात ठेवला.

"इथे डोकं होतं. पाय भिंतीकडे. मी या बाजूला."

ती आली, त्या फरशीवर तळवा टेकवून बसली. "तोंड कुटं होतं?"

"खिडकीकडे. धूर आला की वळायचा. 'आली' म्हणायचा. त्या दिवशीपण म्हणाला."

हे मी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं. कुठे आणि कसं सांगणार होतो? रस्त्यात भेटलेल्या बाईला कुणी असं सांगत नाही. तिने पदराने ती फरशी पुसली, पीठ पसरलं, हाताने सारखं केलं आणि दिवा लावला. सुईणीने टोपली पालथी घातली. आम्ही बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

दुसरा दिवस साफसफाईचा होता; सकाळी जमलेली माणसं बघून मला धडकी भरली. अर्धा गाव. चाळीतलेसुद्धा आले होते, पंप पाठीला लावलेले कंपनीतले पोरगे होते. ज्या खोलीचं नाव कुणी घेत नव्हतं तिच्या दारात आता पाय ठेवायला जागा नव्हती. सुईण आत गेली, टोपली उचलली, वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. दिवा जवळ नेऊन बघितलं.

"काय नाय," ती म्हणाली.

पीठ कालच्यासारखंच होतं. त्याच्या बायकोच्या बोटांच्या रेघा तेवढ्या, तिनेच सारखं करताना उठलेल्या. मी त्या पिठाकडे बघत उभा राहिलो आणि, न मानणारा मी, मनातून विनवत होतो, एखादी मुंगी तरी जायची होती रे बाबा.

तिने मला विचारलं, "जागा तर बरोबर हाय ना, दादा?"

"बरोबर आहे, वहिनी."

"मंग गेले नाय ते," ती म्हणाली. "हितंच हायत."

हे दारातल्यांनी ऐकलं आणि मागच्या मागे लोक हलायला लागले. आतापर्यंत नुसती कुजबुज होती, आता जाणत्या बाईच्या देखत शिक्का बसला. कुणी पोराचं मनगट धरून त्याला ओढत नेलं. चाळीतल्या बाईने हात जोडले आणि वळून चालू लागली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईला मन मोकळं करायला जागा द्यायला गेलो आणि खोली कायमची घालवून बसलो, असं मला वाटलं. तिचंही काही साधलं नाही, शाळेचंही नाही.

तिने मात्र पीठ पदरात भरून घेतलं. मग खराटा आणला आणि आपला वाटा करायला घेतला. छत झाडलं, जाळी काढली, फरशी घासली, फळा पुसला. तो भागाकार गेला. कुणी मदतीला गेलं नाही. एक तर भीती, आणि दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही हा आमचा रिवाज. मी बाहेर संडास घासत होतो आणि बादलीचा आवाज ऐकत होतो. मला रडू येत होतं, तेवढं मी फिनेलच्या नावावर खपवलं.

शाळा उघडली त्या दिवशी दारात आंब्याच्या पानांचं तोरण होतं. मुखपट्ट्या लावलेली पोरं रांगेत उभी. हातावर सॅनिटायझर, कपाळाला ते तापमान बघायचं यंत्र. पहिली, दुसरी, तिसरीची पोरं खोल्यांत गेली. चौथीची पडवीत उभी राहिली, दप्तरं छातीशी धरून. त्यांचे आईबाप फाटकाबाहेरून बघत होते. खोलीचं दार सताड उघडं होतं, आत सुताराने ठोकठाक केलेले बाक भिंतीला ओळीने लावलेले, मधली आणि खिडकीखालची फरशी मोकळी. कुणी आत पाऊल टाकेना. शिक्षिका दारात उभी राहून, या रे, या, म्हणत होती. पण स्वतः उंबरा ओलांडत नव्हती.

धूर आला. मागच्या शेडमधून पडवीत, मग खिडकीतून त्या खोलीत. थोड्या वेळाने खिचडीवाली बाई आली. हातात डाव तसाच, त्याला तांदूळ चिकटलेले. तिने चौथीच्या पोरांत आपली मुलगी हुडकली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय झालं? आत का नाय जात?"

मुलीने मान खाली घातली. "भ्या वाटतं."

"कोनाचं?"

मुलीने खोलीच्या दाराकडे बघितलं. फाटकाबाहेरचे लोक पुढे सरकले.

"तुजा बाप हाय तितं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेला. "दुसरा कोन नाय. तुला खांद्यावर घेऊन शाळेत आनायचा तो. ह्या समद्या पोरांना आंबे काडून द्यायचा तो. तो काय पोरांना खाईल? मी म्हनत होते, जावा, सुटा. नाय गेले. तर नाय गेले. पोरं लिवतात-वाचतात, बगत बसू दे त्यांना. जा, बापाजवळ बस."

मुलगी हलली नाही. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, ढकललं नाही. मग मुलगीच निघाली. उंबऱ्यापाशी थांबली, चपला काढल्या. खिडकीखालची ती फरशी तिला कुणी दाखवायची गरज नव्हती, टोपली उचलली त्या सकाळी तीही दारात होती. ती तिथपर्यंत गेली आणि त्या फरशीवर न बसता तिच्या बाजूला बसली. दप्तर मांडीवर घेतलं.

मग चाळीतली ती बाई फाटकातून आत आली. तिने पडवीतल्या आपल्या मुलीला पुढे घेतलं आणि दाराकडे बोट केलं. ती पोर दबकत आत गेली. ओळखीची एकच मुलगी बसलेली, म्हणून तिच्याकडे गेली आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या फरशीवर बसायला वाकली.

"तितं नको," आतली मुलगी म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूला सरकून तिने जागा करून दिली. "हिकडं ये. तितं माजे बाबा हायत."